मुलींनाही कॅरमपाशी जागा द्या!

संध्याकाळी वस्तीच्या नाक्यावर दिवा लागला, की कॅरमबोर्डाभोवती पोरांचा घोळका जमतो. बोर्डावर बोरिक पावडर पडते, सोंगट्या खणखणतात. काही जाणती माणसे याला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात. आम्हांला मात्र तसे वाटत नाही.

नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या सोंगट्या आणि एक लाल राणी! राणी घेतली, तरी लगेच आपली सोंगटी घेऊन ती ‘कव्हर’ करावी लागते. नाहीतर राणी परत बोर्डावर. मिळवलेले राखावेही लागते, हे मुले खेळता खेळता शिकतात. स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला, तर दंडाची सोंगटी मुकाट्याने काढून ठेवावी लागते. आपली चूक कबूल करण्याची सवय यातूनच लागते.

पण या घोळक्यात आपल्या मुली कुठे असतात? त्या घरात भांडी घासत असतात, नाहीतर दारातून बघत असतात. चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी काझिमा हिने २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात एकेरी, दुहेरी आणि सांघिक अशी तीन सुवर्णपदके जिंकली. तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. तिला खेळाचे धडे तिच्या वडिलांनीच दिले.

तेव्हा पालकांनो, येत्या रविवारी बोर्ड घरात मांडा. पहिला स्ट्रायकर मुलीच्या हाती द्या. त्या दिवशीची भांडी मुलगा घासेल!