‘मधुमेह’ या संज्ञेची मर्यादा

‘मधुमेह’ ही संज्ञा मूत्रातील माधुर्यावरून सिद्ध झाली आहे. ‘मेह’ म्हणजे मूत्रस्राव. मांजराच्या उपचारात मात्र हा अर्थ अपुरा पडतो. त्याची रक्तशर्करा प्रति डेसिलिटर सुमारे २५० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच शर्करा मूत्रात उतरते. म्हणून मूत्रात शर्करा नसली, तरी रक्तातील तिचे प्रमाण योग्य आहे की घातक रीतीने घटले आहे, हे कळत नाही. भीतीनेही मांजराची रक्तशर्करा वाढते. यास्तव राजुरीसारख्या गावी घरीच, कानाच्या कडेचा रक्तबिंदू घेऊन, दिवसातून अनेकदा मोजणी करणे इष्ट होय. इन्शुलिनची मात्रा मुख्यतः त्यांतील नीचतम अंक पाहून पशुवैद्याने ठरवावी. एखाद्याच उच्च अंकावरून ती वाढविल्यास प्राण्याच्या जिवावर बेतू शकते.