डोळ्यातला लिम्फोमा : भाग ६
‘निगेटिव्ह’ रिपोर्ट आला, तरी पुन्हा नमुना का?

  बेळगावच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. वडिलांची बंगळुरूत व्हिट्रेक्टमी (डोळ्यातला जेलीसारखा व्हिट्रियस काढण्याची शस्त्रक्रिया) झाली, रिपोर्टमध्ये लिम्फोमाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या, पेशी सापडल्या नाहीत, तरी डॉक्टर पुन्हा नमुना घ्यायचं म्हणतात. ‘निगेटिव्ह आलंय, मग वडिलांना पुन्हा त्रास कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नमुन्याच्या प्रवासात दडलंय.

लिम्फोमाच्या पेशी फार नाजूक. व्हिट्रियसमधून बाहेर काढल्या की भराभर फुटू लागतात, म्हणून शक्यतो तासाभरात लॅबमध्ये पोचायला हव्यात. बंगळुरूतल्या राजाजीनगरला सकाळी काढलेली सिरिंज ट्रॅफिकमधून होसूर रस्त्याकडे दुपारी पोचली, तर काचपट्टीवर उरतो तो नुसता गाळ : केंद्रकांचे तुकडे, मेलेल्या पेशी आणि साध्या टी-पेशींची गर्दी. ताज्या नमुन्यात लिम्फोमाची पेशी ठसठशीत दिसते. आकारानं मोठी, केंद्रक वेडंवाकडं, भोवती निळसर पातळ कड. एकदा पाहिली की विसरत नाही.

दुसरा घोटाळा स्टेरॉइडचा. डोळ्यात धूसर दिसू लागलं की आपल्याकडे आधी युव्हिआयटिसचा (डोळ्याच्या आतल्या सुजेचा), त्यातही क्षयाचा संशय येतो. स्टेरॉइड सुरू होतं, बऱ्याचशा लिम्फोमा पेशी त्यानं मरतात, रुग्णाला बरं वाटतं आणि काही महिन्यांनी दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. मधल्या काळात घेतलेल्या नमुन्यात पेशी सापडतीलच असं नाही, म्हणून जमत असेल तिथे डॉक्टर नमुन्याआधी स्टेरॉइड थांबवतात. आपल्या मनानं मात्र ते कधीही बंद करू नये.

पेशी हाती लागल्या नाहीत तरी वाट संपत नाही. डोळ्यात सलाइन सोडण्याआधीच एक-दोन मिलिलिटर शुद्ध व्हिट्रियस काढून घेतला, तर त्यात इंटरल्यूकिन-१० आणि इंटरल्यूकिन-६ ही प्रथिनं मोजता येतात. लिम्फोमाच्या बी-पेशी पहिलं बनवतात, सुजेत दुसरं वाढतं. पहिलं वरचढ असेल तर संशय बळावतो. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये ची-चाओ चॅन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हे दाखवलं. पुढे २०११ साली लिम्फोमात एमवायडी८८ जनुकातला एल२६५पी हा बदल सापडला. डोळ्यातल्या बहुतेक लिम्फोमांत तो असतो आणि मोजक्या पेशींच्या डीएनएतूनही ओळखता येतो. सोबत मेंदूचा एमआरआय हवाच, कारण या आजाराचं दुसरं घर मेंदू आहे.

तेव्हा ताई, डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. या आजारात एका निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होता येत नाही. शस्त्रक्रियेआधी एवढं जरूर विचारा : नमुना कुठल्या लॅबमध्ये जाणार, तिथे आधी कळवलंय का, आणि पेशींसोबत इंटरल्यूकिन व जनुकाची तपासणी होणार का?