समुद्रातली ओघळ



जोराचा पाऊस झाला की शेतातल्या ओघळीतून गढूळ पाणी माती घेऊन धावतं, हे आपण दरवर्षी बघतो. अशा ओघळी समुद्राच्या तळाशीही असतात, पण डोंगरातल्या दरीएवढ्या मोठ्या. त्यांतून वाळू कशी वाहते, ते आज समजून घेऊ या.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला मॉन्टेरे नावाची अशी दरी आहे. मॉस लँडिंग बंदराच्या अगदी जवळच ती सुरू होते. लाटांबरोबर किनाऱ्याने सरकत आलेली वाळू तिच्या तोंडाशी साचते. वादळात किंवा एरवीही कधी हा ढीग सुटतो. वाळू मिसळलेलं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून ते तळ धरून उताराने पळतं.

शास्त्रज्ञांनी २०१५ ते २०१७ या काळात १८ महिने तिथे यंत्रं ठेवली. तेवढ्यात असे १५ लोंढे आले. सर्वांत जास्त वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर. जानेवारी २०१६ मधला लोंढा ५० किलोमीटरहून लांब गेला. ८०० किलोची लोखंडी तिवईसुद्धा लोंढ्याने काही किलोमीटर वाहून नेली, कारण नुसतं पाणी नव्हे, तळाची वाळूच हलत होती.

या लोंढ्यांमुळे दरीच्या तळाला चंद्रकोरीसारख्या पायऱ्या पडतात. पायरीच्या उतरत्या बाजूला पाणी वेग घेतं आणि वाळू खरवडतं. पायथ्याशी वेग कमी झाला की पुढच्या पायरीच्या चढावर वाळू टाकतं. म्हणून गंमत अशी, की वाळू खाली जाते, पण पायऱ्या हळूहळू वर सरकतात.

दरीत खोल गेलेली वाळू किनाऱ्यावर परत येत नाही. किनारा टिकतो तो नव्याने येणाऱ्या वाळूवर. त्याच उपसागराच्या काठी मरिना गावाजवळ वाळूची खाण होती. तिच्यामुळे किनारा झिजतो म्हणून ती बंद करण्याचा करार २०१७ मध्ये झाला.

मैत्रिणींनो, समुद्राला वाळू मुख्यतः नद्याच देतात. आपल्या नदीतली वाळू बेसुमार उपसली, तर विहिरींचं पाणी खाली जातं आणि पुढे किनाराही उपाशी राहतो. शेताच्या बांधाची काळजी आपण घेतो, तशीच नदीच्या वाळूचीही घेऊ. ग्रामसभेत हा विषय आपणच काढू या.