वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम : शोध की गृहीतक?

रासायनिक विक्रियेत एकूण वस्तुमान वाढत नाही वा घटत नाही, हा नियम लाव्हाझ्ये याने शोधून काढला, असे पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. हा शोध नेमका कशात होता, याचा खुलासा मात्र त्यांत क्वचितच आढळतो.

रॉबर्ट बॉइल याने १६७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मोहोरबंद काचपात्रात कथिल तापविले होते. पात्राचे तोंड फोडताच बाहेरची हवा आवाज करीत आत शिरली. वजन त्यानंतर केले गेले व ते वाढलेले दिसले. तेव्हा अग्नीचे कण काच भेदून धातूत शिरले असावेत, असे अनुमान बॉइलने काढले. वजन करण्याची वेळ चुकल्यामुळे केवढा अनर्थ होतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. लोमोनोसोव्हने १७५६ मध्ये पात्र न उघडता वजन केले आणि फरक आढळला नाही. परंतु पश्चिम युरोपात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. लाव्हाझ्येने १७७४ मध्ये पात्र उघडण्यापूर्वी व उघडल्यानंतर, अशी दोन्ही वजने केली. बंद पात्राचे वजन कायम राहिले, आणि उघडल्यावर आत शिरलेल्या हवेइतकीच भर कथिलाच्या वजनात पडलेली दिसली.

तथापि १७८९ च्या आपल्या ग्रंथात, मद्यार्क-किण्वनाच्या विवेचनात, त्याने हे तत्त्व मांडले ते निष्कर्ष म्हणून नव्हे. विक्रियेपूर्वीचे व नंतरचे पदार्थ ही बीजगणितातील समीकरणाची दोन अंगे होत, असे धरून अज्ञात राशी काढता येते, अशी त्याची भूमिका होती. करवसुलीच्या मक्त्यातील या भागीदाराला जमाखर्चाची ही दृष्टी अपरिचित नसावी.

नियमाची कसून परीक्षा झाली ती पुढे शतकानंतर. बर्लिन येथे हान्स लांडोल्टने इंग्रजी एच् अक्षराच्या आकाराच्या बंद नळीच्या दोन भुजांत विक्रियाकारक ठेवले, नळी कलती करून ते मिसळले आणि दोन्ही वेळची वजने ताडून पाहिली. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही निरीक्षणांत वजनात किंचित घट दिसली! नियमच डळमळीत होतो की काय, अशी शंका त्यामुळे उत्पन्न झाली. लांडोल्टने हे काम पंधरा वर्षे पुढे चालविले. विक्रियेच्या उष्णतेने काच प्रसरण पावते व मूळ आकारमानावर सावकाश येते, त्यामुळे हवेची उद्धरणशक्ती वाढते. शिवाय काचेवरील बाष्पाचा पातळ थर उडून जातो, असे त्याला दिसून आले. पुरेसा काळ थांबून वजन करताच ती घट प्रायोगिक त्रुटीच्या मर्यादेत आली, आणि १९०८ मध्ये त्याने नियमाच्या बाजूने निर्णय दिला.

तत्पूर्वीच, १९०५ मध्ये, आइन्स्टाइनने वस्तुमान व ऊर्जा यांचे समतुल्यत्व प्रतिपादिले होते. त्यानुसार १२ ग्रॅम कार्बन जळताना सुमारे ३९४ किलोजूल उष्णता बाहेर पडते, तेव्हा वस्तुमानात खरोखरच घट होते. ती सुमारे ०.००४४ मायक्रोग्रॅम इतकी असून लांडोल्टच्या तराजूच्या आवाक्यापलीकडची होती.