आडवी वाट: प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुके

प्रतिजैविक जिवाणूंमध्ये प्रतिकार निर्माण करत नाही. आधीच असलेला प्रतिकार निवडून ठेवते. यवतमाळच्या कापूसवाल्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. २०१७च्या हंगामात बीटी कपाशीची बोंडे पोखरणारी गुलाबी बोंडअळी ही त्या कपाशीतल्याच विषाला पुरून उरलेल्या अळ्यांचीच पैदास होती. फरक इतकाच की अळीचा गुण तिच्या पिलावळीपुरता राहतो, जिवाणूचा शेजाऱ्यालाही मिळतो, मग तो शेजारी परजातीचा का असेना.

वंशपरंपरेचा मार्ग सर्वांच्या परिचयाचा. क्षयाचा जिवाणू त्याच मार्गाने जातो: रायफॅम्पिसिन ज्या एन्झाइमला चिकटते, त्याच्या जनुकात बदल झाला की औषध निकामी. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस नोंदवलेले चार रुग्ण तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते.

खरी कथा मात्र प्लास्मिडची. जपानमध्ये १९५०च्या दशकात हगवणीचे शिगेला जिवाणू एकदम चार औषधांना पुरून उरू लागले. चार स्वतंत्र बदल एकाच वेळी घडणे जवळजवळ अशक्य. १९५९मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवले की हे चारही गुण ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात एकगठ्ठा हस्तांतरित होतात. प्लास्मिड हे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे कडे. देणारा जिवाणू केसासारखा तंतू पुढे करून शेजाऱ्याला जवळ ओढतो, कड्याचा एक धागा पलीकडे सरकतो आणि दोन्हीकडे त्याची जोडी पूर्ण होते. देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. त्यात ट्रान्स्पोझॉन नावाचे उड्या मारणारे तुकडे एका कड्यावरून दुसऱ्यावर जातात. सगळे गुण एकाच कड्यावर बसले की एका औषधाचा वापर बाकीच्या औषधांविरुद्धची जनुकेही पोसतो. एखादे औषध काही काळ बंद ठेवल्याने प्रश्न सुटत नाही तो यामुळेच.

कार्बापेनेम औषधे फोडणाऱ्या एन्झाइमचे एनडीएम-१ हे जनुक अशाच कड्यांवरून फिरते; त्यातले 'एनडी' म्हणजे न्यू दिल्ली. मार्च २०१०मध्ये हिंदुजाच्याच प्रयोगशाळेने तपासलेल्या २४ कार्बापेनेमरोधक नमुन्यांपैकी २२ मध्ये ते सापडल्याचे प्रसिद्ध केले. पेट्री डिशमध्ये औषधाच्या चकतीभोवती एरवी स्वच्छ वर्तुळ उमटते. असा जिवाणू चकतीला भिडूनच वाढतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गविषयक नियतकालिकात लेख आला आणि देशभर गदारोळ उठला, तो जनुकाला दिल्लीचे नाव का दिले यावरून! २०११मध्ये तेच जनुक दिल्लीच्या साचलेल्या व नळाच्या पाण्यातही मिळाले.

तरीही 'रुग्ण कोर्स अर्धवट सोडतात' एवढ्यावरच सारा दोष ढकलणारे व्याख्याते कमी होत नाहीत. क्षयाबाबत त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे; गटारात फिरणाऱ्या प्लास्मिडने मात्र कोणाचाही कोर्स मोडलेला नसतो. ठरावीक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१३मध्ये एच-१ अनुसूची आली. कॉलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध. त्याचा प्रतिकार प्लास्मिडवरून पसरतो हे २०१५मध्ये चीनमधून कळले आणि २०१९मध्ये भारताने ते कोंबड्या-जनावरांसाठी बंद केले. हे निर्णय योग्यच, पण उशिराचे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयांचे सांडपाणी जनुकांसाठी नियमित तपासले जात नाही, तोवर नुसत्या चिठ्ठ्या तपासणारे धोरण अर्धवटच म्हणावे लागेल.