पडद्यावरचा राउटर खोटा नसतो

"खरा राउटर हाताळल्याशिवाय नेटवर्किंग येत नाही. लॅपटॉपवरची लॅब म्हणजे सगळा खेळ." नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की चीड येते. चीड त्यांच्यावर नाही, हे त्यांच्या गळी उतरवणाऱ्यांवर आहे. कारण त्यानंतर काय होतं ते मला माहीत आहे. ज्याच्या घरी थोडेफार पैसे आहेत तो मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन कुणाचे तरी मोडीत काढलेले दोन राउटर आणि एक स्विच उचलतो. ती यंत्रं दिवसभर घरघरत राहतात, खोली तापवतात, आणि त्यांच्यातलं सॉफ्टवेअर इतकं जुनं असतं की अभ्यासक्रमातल्या बऱ्याच गोष्टी त्यावर चालतच नाहीत. आणि ज्याच्या घरी पैसे नाहीत तो म्हणतो, नोकरी लागली की शिकू. हे दुसरं नुकसान जास्त मोठं आहे. ते एका चुकीच्या माहितीमुळे होतं, म्हणून ती माहिती नीट तपासायला हवी.

हा गैरसमज हवेतून आलेला नाही, हे मान्य करतो. बहुतेकांची पहिली लॅब पॅकेट ट्रेसरवर होते. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीतर्फे ते मोफत मिळतं आणि सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी उत्तम आहे. पण पॅकेट ट्रेसरच्या आत राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम नसते. अमुक कमांड दिली की अमुक उत्तर दाखवायचं, असं लिहून ठेवलेला तो एक प्रोग्राम आहे. लिहिणाऱ्यांनी जी कमांड धरली नाही ती तिथे चालत नाही, आणि जो बिघाड त्यांनी कल्पिला नाही तो तिथे होत नाही. पॅकेट ट्रेसरला कुणी नकली म्हटलं तर त्यात तथ्य आहे. चूक पुढे होते. तोच शिक्का जीएनएस-थ्री, ईव्ह-एनजी आणि सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या लॅब चालवणाऱ्या प्रोग्रामांवरही मारला जातो.

यांचं काम मुळातच वेगळं आहे. फ्रान्समधल्या क्रिस्तोफ फियो यांनी २००५ मध्ये डायनामिप्स नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. सिस्कोच्या ७२०० मालिकेतल्या राउटरमध्ये मिप्स जातीचा प्रोसेसर असतो. डायनामिप्स तो प्रोसेसर, त्याची मेमरी आणि त्याचे इंटरफेस संगणकावर हुबेहूब उभे करतो. त्यावर चालते ती आयओएस ही राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम मात्र खऱ्या पेटीसाठी सिस्कोने तयार केलेलीच, एक अक्षरही न बदललेली. आपण लोखंडी पेटीत आहोत की कुणाच्या लॅपटॉपमध्ये, हे त्या आयओएसला ठाऊकही नसतं. जीएनएस-थ्रीची सुरुवात याच डायनामिप्सला चित्रमय रूप देण्यातून झाली.

आता तर त्याच्याही पुढची पायरी आली आहे. आजच्या लॅबमध्ये बहुतेक इमेज, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअरच्या फाइली, क्यूईएमयू आणि केव्हीएमवर चालतात, आणि त्या कंपन्यांनीच साध्या सर्व्हरच्या प्रोसेसरसाठी बांधलेल्या असतात. सिस्कोचा सीएसआर १०००व्ही आणि त्याच्या जागी आलेला कॅटॅलिस्ट ८०००व्ही हे ॲमेझॉनच्या क्लाउडवर भाड्याच्या आभासी सर्व्हरमध्ये चालतात आणि त्यांच्यातून कंपन्यांचा रोजचा कामाचा ट्रॅफिक वाहतो. मायक्रोटिकचा सीएचआरही तसाच. क्लाउडमध्ये जो राउटर चालतो तोच तुमच्या लॅपटॉपवर आला की खोटा कसा होतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. दोन राउटर घ्या, आयओएसची आभासी आवृत्ती आयओएसव्ही चालेल किंवा व्हायओएस. दोघांमध्ये एक लिंक जोडा, दोन्हीकडे ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल सुरू करा आणि एका बाजूचा एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १५०० वरून १४०० करा. पिंग करून पाहा. साधा पिंग सुरळीत जातो. हॅलो पाकिटं येतात-जातात, शेजारी दिसतो, आणि तरी एकही रूट येत नाही. शेजाऱ्यांची यादी काढली तर एका बाजूला एक्सस्टार्ट आणि दुसरीकडे एक्सचेंज, आणि घोडं तिथेच अडलेलं. आता त्याच लिंकवर उजवं क्लिक करून वायरशार्क लावा. डेटाबेस डिस्क्रिप्शनची तीच पाकिटं पुन्हापुन्हा येताना दिसतील. १५०० वाल्या बाजूचं एक उघडून बघा, आत इंटरफेस एमटीयू नावाचा रकाना आहे आणि त्यात १५०० लिहिलेलं आहे. १४०० वाला राउटर ते पाकीट फेकून देतो, कारण १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये कलम १०.६ तेच सांगतं: आपल्या इंटरफेसला तुकडे न करता घेता येईल त्याहून मोठा आकडा समोरून आला तर पाकीट नाकारायचं. हॅलो पाकिटात एमटीयू नसतोच, म्हणून तिथपर्यंत सगळं गोड चालतं.

हा बिघाड प्रत्यक्ष कामात नेहमी भेटतो, विशेषतः मध्ये टनेल किंवा दुसऱ्या कंपनीचं उपकरण आलं की. तो घडतो प्रोटोकॉल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते सॉफ्टवेअर लॅबमध्ये अस्सल आहे. म्हणून बिघाडही अस्सल आहे. त्यातही लिंकवरचं पाकीट एका क्लिकमध्ये पकडण्याची सोय खऱ्या रॅकवर नसते. तिथे स्विचवर पोर्ट मिररिंग करा, नाहीतर टॅप आणा. शिकणाऱ्यासाठी ही एक सोय दहा जुन्या राउटरांपेक्षा मोलाची आहे.

एवढ्यावर समाधान होत नसेल तर दोन दाखले देतो. सिस्कोची सगळ्यात कठीण समजली जाणारी परीक्षा म्हणजे सीसीआयई. तिच्या राउटिंग अँड स्विचिंग शाखेची पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली, तेव्हा तिची प्रात्यक्षिक परीक्षा आभासी उपकरणांवरच घेतली जाऊ लागली. ज्या कंपनीचे राउटर आहेत तीच कंपनी आपली एवढी कठीण परीक्षा पडद्यावरच्या राउटरांवर घेऊ लागली. दुसरा दाखला मायक्रोसॉफ्टचा. क्रिस्टलनेट या प्रणालीवरचा त्यांचा शोधनिबंध २०१७ च्या एसओएसपी परिषदेत आला. ॲझ्युअरच्या नेटवर्कमध्ये बदल करण्याआधी त्या नेटवर्कची आभासी प्रत उभी करायची, तिच्यात उपकरणांचं खरं फर्मवेअर आणि खरं कॉन्फिगरेशन घालायचं, आणि बदल आधी तिथे करून बघायचा. एवढ्या मोठ्या क्लाउडचे अभियंते ज्यावर विसंबतात, ते बारावीनंतर शिकायला आलेल्या मुलाला पुरत नाही म्हणणं हा अन्याय आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मीही चुकीचीच माहिती देत असेन. लॅबमध्ये सॉफ्टवेअर खरं असतं, पण पाकिटं वेगाने पुढे ढकलणारी एएसआयसी चिप नसते. त्यामुळे कॅटॅलिस्ट स्विचच्या हार्डवेअरमधल्या क्यूओएसच्या रांगा, टीकॅमची मर्यादा, स्विचचं स्टॅकिंग, पीओई, वायफायचे रेडिओ, एसएफपी आणि फायबर यातलं काही लॅपटॉपवर शिकता येत नाही. वेगाची मोजमापंही तिथे करू नयेत. सीएचआरच्या मोफत परवान्यात तर प्रत्येक इंटरफेसवरून बाहेर जाणारा वेग १ एमबीपीएसला बांधलेला आहे. केबल क्रिंप करायला हातात केबलच हवी.

याहून बारीक फरक आहेत, आणि ते माहीत नसले की मुलं चुकीचे निष्कर्ष काढतात. खऱ्या दोन राउटरांमधली केबल उपटली तर दोन्ही इंटरफेस लगेच डाउन होतात आणि ओएसपीएफ त्याच क्षणी शेजारी सोडतो. लॅबमध्ये मात्र दोन राउटरांच्या मध्ये पुष्कळदा लिनक्सचा आभासी ब्रिज असतो. एक बाजू बंद केली तरी दुसरीला आपला पोर्ट चालूच दिसतो, आणि मग ओएसपीएफ ४० सेकंदांचा डेड टायमर संपेपर्यंत थांबतो. विद्यार्थी वहीत लिहितो, ओएसपीएफला सावरायला ४० सेकंद लागतात. ते ब्रिजमुळे लागले. पण हेही लक्षात घ्या, प्रत्यक्षात दोन राउटरांमध्ये स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर असेल तर हुबेहूब हेच होतं, आणि बीएफडी हा प्रोटोकॉल असल्याच परिस्थितीत कामी येतो. तसंच अनेक लिंक एकत्र बांधणाऱ्या एलएसीपीचं. साध्या लिनक्स ब्रिजवर स्वतः लॅब बांधली की सगळं कॉन्फिगरेशन बरोबर असूनही इथरचॅनल जुळत नाही. एलएसीपीची पाकिटं ज्या राखीव मॅक पत्त्यावर जातात तो पत्ता ब्रिजने पुढे पाठवायचा नाही, असं ८०२.१डी मानकच सांगतं. ब्रिज नियम पाळतोय, तुमचं कॉन्फिगरेशन चुकलेलं नाही.

बाकीचे गैरसमज एवढे हट्टी नाहीत.

"६४ जीबी रॅमचा सर्व्हर लागतो." कशासाठी, ते आधी ठरवा. आयओएसव्हीला साधारण ५१२ एमबी पुरते, म्हणजे आठ राउटर ४ जीबीत बसतात. १६ जीबीच्या लॅपटॉपवर सीसीएनए या सिस्कोच्या सुरुवातीच्या परीक्षेचा राउटिंग-स्विचिंगचा अभ्यास आरामात होतो. एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर कंटेनरलॅबवर चालवलं तर आणखी हलकं. मोठी रॅम खातात ते नेक्सस ९०००व्ही आणि आयओएस-एक्सआरसारखे नोड, आणि ते पहिल्या वर्षी लागत नाहीत.

"एक राउटर चालू केला की सीपीयू १०० टक्के होतो, लॅपटॉप जळेल." हा अनुभव डायनामिप्सचा. आयओएसला काम नसलं की ती एका रिकाम्या लूपमध्ये फिरत बसते आणि डायनामिप्स ती प्रत्येक फेरी इमानेइतबारे चालवतो. आयडल-पीसी हा आकडा दिला की लूप कुठे आहे ते त्याला कळतं आणि तो तेवढा वेळ थांबतो. हा आकडा त्या-त्या इमेजचा असतो, दुसऱ्या इमेजसाठी मित्राने काढलेला तुमच्याकडे चालणार नाही. जीएनएस-थ्री तो स्वतः शोधून देतं.

"ईव्ह-एनजी संथ चालतं, म्हणजे लॅपटॉप नवा घ्या." नवा घेण्याआधी बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही चालू आहे का ते बघा. मग ईव्ह-एनजी ज्यात चालवता त्या व्हीएमवेअरच्या प्रोसेसर सेटिंगमध्ये तेच आतल्या मशीनला देण्याची खूण केली आहे का, तेही बघा. ती नसेल तर केव्हीएमला हार्डवेअरची मदत मिळत नाही आणि सगळं रांगत चालतं. विंडोजवर हायपर-व्ही किंवा मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तरी हीच अडचण येते. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून मोफत आहे, त्यासाठी चोरीची की शोधत बसू नका.

"जीएनएस-थ्री उतरवलं की सिस्कोचे राउटर त्यासोबतच येतात." येत नाहीत. ते रिकामं व्यासपीठ आहे, इमेज तुम्हाला आणाव्या लागतात. आणि इथे मला कडक बोलायला हवं. टेलिग्रामवर फिरणारी आयओएस "शिकण्यासाठी वापरली तर चालते" हा समज सपशेल चूक आहे. ती सिस्कोच्या मालकीची आहे, शिवाय मधल्या कुणी त्या फाइलमध्ये काय घातलंय हे तपासायला तुमच्याकडे मूळ फाइल नसते. सरळ मार्ग आहेत. सिस्को मॉडेलिंग लॅब्जच्या परवान्यासोबत इमेज अधिकृतपणे मिळतात, आणि मोजक्या नोडची मोफत आवृत्तीही आहे. अरिस्टाचा व्हीईओएस खातं उघडून मोफत घेता येतो, जुनिपरचे व्हीजूनोस २०२३ पासून लॅबसाठी मोफत आहेत, आणि एफआरआर तर मुक्त सॉफ्टवेअरच आहे. ओएसपीएफ आणि बीजीपी सगळीकडे तेच आहेत.

"लॅब चालू केली की घरचं इंटरनेट बंद पडतं." लॅब आपल्या जागी बंदिस्त असेल तर पडत नाही. पडतं ते लॅबमधला डीएचसीपी सर्व्हर घरच्या लॅनला ब्रिजने जोडल्यावर. मग घरातल्या टीव्हीला पत्ता लॅबमधला राउटर देतो. बाहेर जायचं असेल तर जीएनएस-थ्रीमधला नॅट नोड वापरा. वायफायवर ब्रिज करून बाहेर जाण्याचा नाद मुळात सोडा, कारण ॲक्सेस पॉइंट फक्त जोडणी केलेल्या मॅक पत्त्याचीच पाकिटं घेतो आणि तुमच्या आभासी राउटरचा पत्ता त्याच्या यादीत नसतो.