भिंतीची उंची, फोटोची तारीख

सरदार सरोवर धरणाच्या छायाचित्रांचे सरळ दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग भिंतीच्या खालच्या अंगाने, केवडिया-नवागामच्या बाजूने टिपलेला. त्यात यंत्रे, काँक्रीटचे ठोकळे, पाहुणे आणि फिती. दुसरा वर्ग वरच्या अंगाचा, म्हणजे बुडिताचा. त्यात मणिबेली, चिमलखेडी, डनेल, बामणी ही अक्कलकुवा तालुक्यातली आणि डोमखेडी, निमगव्हाण, भादल ही धडगाव तालुक्यातली गावे. महाराष्ट्रातली एकूण 33 गावे या बुडिताने बाधित झाली. सातपुड्यातले काठी हे गाव त्यांत नाही. राजवाडी होळीमुळे काठीचे फोटो मात्र दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतात. त्याच डोंगररांगेच्या उत्तर उतारावरच्या बुडीत गावांचे जुने फोटो त्या मानाने क्वचितच छापले जातात.

धरणाच्या छायाचित्रांतले सर्वांत जुने प्रसिद्ध प्रसंगचित्र 5 एप्रिल 1961 च्या कोनशिला समारंभाचे आहे. कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. ते चित्र आजच्या धरणाच्या शेजारी छापण्याची रीत आहे, पण तेव्हा योजलेले धरण फार ठेंगणे होते. पहिल्या टप्प्यात पाण्याची पातळी 162 फूट राहणार होती. पुढे खोसला समितीने मोठे धरण सुचवले, राज्यांत वाद पेटला, 1969 मध्ये नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला आणि 1979 च्या अंतिम निवाड्याने 455 फूट, म्हणजे 138.68 मीटर, ही पूर्ण संचय पातळी ठरवली. कोनशिलेनंतरच्या पाव शतकात उभ्या भिंतीचा फोटो नाही, कारण भिंतच नव्हती. केवडिया परिसरातल्या सहा गावांची जमीन मात्र वसाहत आणि कामासाठी 1961 पासूनच घेतली गेली.

मुख्य बांधकाम 1987 मध्ये सुरू झाले. या काळापासूनच्या चित्रांत भिंत एकसंध दिसत नाही. कमी-जास्त उंचीचे ठोकळे शेजारी शेजारी उभे असतात आणि पावसाळ्यात नदी अपुऱ्या सांडव्यावरून कोसळताना दिसते. ही चित्रे नेत्रदीपक आहेत, त्यामुळे दिनदर्शिकांना ती सोयीची. त्याच पावसाळ्यांत भिंतीमागे पाणी तुंबून कोणाच्या अंगणात चढले, हे त्या चौकटीत मावत नाही. महाराष्ट्रात पाणी सर्वांत आधी मणिबेलीत शिरले. तिथले शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर 1994 मध्ये बुडाले आणि गुजरातेत गोरा येथे नवे बांधले गेले. जुन्या मंदिराचे छायाचित्र म्हणूनच आता पुराव्याचा कागद ठरते. मणिबेलीचे नाव जगभर गेले तेही याच वर्षांत: प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या, जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल 1992 मध्ये आला, मार्च 1993 मध्ये भारत सरकारने प्रकल्पासाठीचे बँकेचे उरलेले कर्ज नाकारले आणि 1994 मध्ये बँकेच्या मोठ्या धरणांच्या कर्जांविरुद्ध निघालेल्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला या गावाचे नाव दिले गेले. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा 1995 चा माहितीपट याच काळातल्या खोऱ्याचा चालता-बोलता दस्तऐवज आहे.

तारीख नसलेल्या फोटोचा काळ ठरवायला भिंतीची उंची हे चांगले साधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 1995 मध्ये काम थांबवले तेव्हा भिंत 80.3 मीटरवर होती. फेब्रुवारी 1999 मध्ये 85 मीटरची परवानगी मिळाली, 18 ऑक्टोबर 2000 च्या निकालाने 90 मीटरचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने 2004 मध्ये 110.64 आणि 2006 मध्ये 121.92 मीटर. तिथे काम पुन्हा थांबले. 2014 मध्ये दरवाजांसह पूर्ण उंचीला परवानगी मिळाली. त्यामुळे 30 वक्राकार दरवाजे जागेवर दिसणारे चित्र जुने असूच शकत नाही. मधल्या काळात अडचण येते: 1995 ते 1999 ही चार वर्षे भिंत जिथल्या तिथे राहिली आणि त्या काळातले फोटो उंचीवरून वेगळे करता येत नाहीत.

अशा वेळी फोटोखालच्या ओळी कामी येतात. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या ओळीत मणिबेली ‘जि. धुळे’ असते. नदीपलीकडे नर्मदा जिल्हा 2 ऑक्टोबर 1997 चा, त्यापूर्वी केवडिया भरूच जिल्ह्यात होते. उंचीच्या आकड्यांचा घोळ वेगळाच. 163 मीटर ही सर्वांत खोल पायापासूनची उंची, तर 138.68 ही समुद्रसपाटीपासूनची पातळी. दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी सर्रास छापले जातात आणि सुमारे चोवीस मीटर भिंत हवेतून येते.

वरच्या अंगाच्या चित्रांत असा मोजमापाचा आधार सहसा नसतो. पण बारकाईने पाहिले तर काळ तिथेही लपलेला असतो: नदीकाठचे शेत, मग गुडघाभर पाणी, मग टापू झालेला पाडा, मग बार्जेने येणारी-जाणारी माणसे, तरंगता दवाखाना आणि आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळा या शाळांची मुले. काही कुटुंबे त्याआधीच तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत गेली होती, काही गुजरातेत. त्यांच्या घरातल्या भिंतीवरचा एखादा फोटोच कधी कधी मूळ गावाचे एकमेव चित्र असतो.

धरण 17 सप्टेंबर 2017 रोजी राष्ट्राला अर्पण झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत भरले. या पाण्यावर होणाऱ्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. वीजघराची छायाचित्रे वर्ष, संचांची संख्या आणि क्षमतेसह जपलेली असतात: नदीपात्रातल्या वीजघरात 200 मेगावॉटचे 6 संच, कालव्याच्या मुखाशी 250 मेगावॉट. पाड्याच्या चित्राखाली मात्र बहुधा ‘आदिवासी कुटुंब’ एवढेच लिहिलेले असते. भिंतीच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणाऱ्या प्रकल्पाच्या इतिहासात हा दुजाभाव खटकण्यासारखा आहे. ज्यांच्याकडे त्या वर्षांतले फोटो आहेत, मग ते कार्यकर्ते असोत, शिक्षक असोत की सरकारी कर्मचारी, त्यांनी प्रत्येकाच्या मागे गाव, पाडा आणि साल तेवढे लिहून ठेवावे. हे ओळखू शकणारी माणसे अजून हयात आहेत.